डी सोटो मोटार : एका नांवाचा उदय आणि अस्त

मुंबईहून मोटारीनें निघालेला प्रवासी पुण्याचा असो कीं महाडचा असो, एके काळीं त्याला पनवेल सहसा टाळतां येत नसे. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल १९७३ सालीं झाला; त्यापूर्वीं गाड्या ठाणें, मुंब्रा, शीळ असा वळसा घेऊन पनवेलीस येत. आगगाडी तर या गांवीं १९६० नंतरच्या दशकांत पोंचली. तोंपर्यंत येथील सारी ने-आण खाडींतल्या गलबतांवर आणि रस्त्यावरच्या चाकांवर चालली. गांवापुढें पळस्प्यास रस्त्याला दोन फांटे फुटतात. एक चौक, खालापूर, खोपोली करीत बोरघाट चढतो आणि पुण्याकडे जातो. दुसरा कर्नाळ्याच्या खिंडींतून पेण, महाड करीत गोव्याकडे वळतो. मोटारीचे गुणदोष मुंबईच्या सपाट डांबरी रस्त्यांवर झांकले जात. पळस्प्याच्या पुढें ते झांकून राहत नसत.

या रस्त्यांनीं ज्या अमेरिकन मोटारी धांवल्या, त्यांपैकीं डी सोटो ही एक होय. १९६० सालीं तिच्या मायदेशांत तिचें उत्पादन थांबलें आणि नांव पुसलें गेलें. एखादा धंदा बुडाला म्हणजे माल वाईट असावा, असा सामान्य समज असतो. डी सोटोच्या बाबतींत तो खरा नाहीं. तिचा इतिहास नीट पाहिला तर एक चमत्कारिक विरोध दिसून येतो. ज्या एका गोष्टीमुळें अमेरिकेंत या नांवाचा अस्त झाला, त्याच गोष्टीमुळें इकडे ही गाडी पुष्कळ वर्षें चालती राहिली.

वॉल्टर क्रायस्लर हा मूळचा आगगाडीच्या कारखान्यांतला कारागीर. त्यानें १९२५ सालीं स्वतःच्या नांवाची मोटार कंपनी काढली. त्या काळीं जनरल मोटर्स कंपनीनें एक युक्ति यशस्वी करून दाखविली होती. गिऱ्हाईकाची प्राप्ति जसजशी वाढेल, तसतशी त्याला आपल्याच घरची अधिक भारी गाडी घेतां यावी, म्हणून तिनें शेव्हरोलेटपासून कॅडिलॅकपर्यंत नांवांची एक शिडी उभी केली होती. क्रायस्लरलाहि अशी शिडी हवी होती. म्हणून १९२८ च्या जुलै महिन्यांत स्वस्त अशी प्लिमथ बाजारांत आली आणि ४ ऑगस्ट रोजीं मधल्या पायरीकरितां डी सोटोची घोषणा झाली. नांव घेतलें तें सोळाव्या शतकांतल्या एका स्पॅनिश प्रवाशाचें. १५४१ सालीं मिसिसिपी नदीपर्यंत पोंचलेला हर्नान्डो दे सोटो तो हाच.

या नव्या गाडीस सहा सिलिंडरांचें इंजिन होतें, चारहि चाकांना तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक होते आणि किंमत ८४५ डॉलरांपासून पुढें होती. ब्रेकची ही रचना त्या वेळीं नवलाची होती. सळ्या आणि तारा यांनीं ओढल्या जाणाऱ्या ब्रेकमध्यें एक चाक आधीं आवळलें जाई व दुसरें मागून, आणि गाडी एका अंगाला ओढली जाई. बंद नळींतल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब मात्र सर्व दिशांना सारखाच पोंचतो. पायाखालच्या दट्ट्यानें तेल दाबलें कीं चारहि चाकांना तोच दाब मिळतो. घाट उतरणाऱ्याला या समान दाबाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. पहिल्या बारा महिन्यांत ८१,०६५ डी सोटो गाड्या तयार झाल्या. नव्या नांवाच्या मोटारीचा हा उच्चांक अमेरिकेंत सुमारें तीस वर्षें अबाधित राहिला.

परंतु पाळण्यांत असतांनाच या मुलीला एक सावत्र बहीण मिळाली. त्याच १९२८ सालच्या उन्हाळ्यांत क्रायस्लरनें डॉज ही जुनी, नांवाजलेली कंपनी विकत घेतली. आतां डॉज आणि डी सोटो या दोघींच्या किंमती जवळजवळ येऊन भिडल्या. १९३३ सालीं दोघींच्या पायऱ्यांची अदलाबदल करून डी सोटोला डॉजच्या वर बसविण्यांत आलें. तरी दोघींमधलें अंतर कधींच पुरेसें पडलें नाहीं. पुढल्याच वर्षीं वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून गोलसर, उतरत्या तोंडाची ‘एअरफ्लो’ नांवाची गाडी निघाली. शास्त्र बरोबर होतें, पण रूप लोकांना रुचलें नाहीं. क्रायस्लर नांवाखालीं जुन्या घाटाच्या गाड्याहि विक्रीस होत्या. डी सोटोजवळ त्या वर्षीं एअरफ्लोखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. त्यामुळें अपयशाचा मोठा वांटा तिच्या पदरीं आला.

हिंदुस्थानांत डी सोटोचा संबंध शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगाशीं जडला. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंदांनीं बांधकाम, जहाजें, साखर आणि विमानें इतक्या क्षेत्रांत हात घातला. मोटारीचा कारखाना हा त्यांचा आणखी एक ध्यास. सर विश्वेश्वरय्या यांनीं अशा कारखान्याची योजना पूर्वींच मांडली होती. युद्धाच्या आरंभीं वालचंदांनीं क्रायस्लर कंपनीशीं सहकार्याचें बोलणें केलें, परंतु तेव्हांच्या इंग्रज सरकारनें या कामास उत्तेजन दिलें नाहीं. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज, डी सोटो, प्लिमथ व फार्गो या नांवांच्या मोटारी आणि मालमोटारी बाहेर पडूं लागल्या.

आरंभींचें काम जुळणीचें होतें. सुटे भाग पेट्यांत भरून समुद्रमार्गें येत आणि कुर्ल्यास एकत्र जोडले जात. असें काम मुंबईंत अगदींच नवें नव्हतें. शिवडीस जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून होता. फरक उद्देशांत होता. आज जोडावयाचें आणि उद्यां एकेक भाग येथेंच घडवावयाचा, असा कुर्ल्याचा संकल्प होता. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें ठरविलें कीं, जे येथें प्रत्यक्ष उत्पादन करतील त्यांनींच या धंद्यांत राहावें. तेव्हां परकी जुळणीवाल्यांनीं गाशा गुंडाळला आणि कुर्ल्याचा कारखाना राहिला.

आतां त्या विरोधाकडे वळूं. परदेशीं पाठविण्यासाठीं क्रायस्लर कंपनी ‘डी सोटो डिप्लोमॅट’ नांवाची गाडी काढी. ही वस्तुतः प्लिमथच होती. सांगाडा तिचा, अंगहि तिचेंच. बदल केला जाई तो समोरच्या जाळींत, पितळी अक्षरांत आणि कांहीं नक्षींत. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डी सोटो डिप्लोमॅट या तीन नांवांनीं १९५० नंतरच्या दशकांत कुर्ल्याहून ज्या गाड्या निघाल्या, त्या एकाच साच्यांतल्या बहिणी होत्या. निरनिराळ्या विक्रेत्यांना निरनिराळें नांव मिळावें, एवढाच त्यांतला हेतु.

या गाड्या बाळगणाऱ्यांचें मत काय होतें? सर्वांत अधिक स्तुति होई ती इंजिनाची. बाजूच्या व्हाल्व्हांचें हें सहा सिलिंडरांचें इंजिन वेगाला मंद, पण ओढीला दांडगें. तिसऱ्या गियरमध्यें बैलगाडीमागून रांगत जावें आणि वाट मिळतांच गियर न बदलतां पुढें निघावें, हें त्याला सहज जमे. पेट्रोलची वाफ तें फार दाबीत नसे. दाबाचें प्रमाण सुमारें सात पटींपर्यंतच असे. त्यामुळें हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरहि ठोके न देतां तें चाले. दुसरी स्तुति ऐसपैसपणाची. डोक्यावरची टोपी न काढतां माणसाला गाडींत बसतां आलें पाहिजे, असा कंपनीचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असे. त्याबद्दल अमेरिकेंत नव्या फॅशनचे लोक हंसले; फेटे आणि पागोटीं बांधणाऱ्या घरांत मात्र ती उंची सोयीचीच होती. पुढें तीन, मागें तीन आणि मधें मुलें, असें अख्खें कुटुंब तींत मावे.

तक्रारीहि होत्या. गॅलनभर पेट्रोलांत पंधरा-वीस मैलांची मजल होई. लहान इंग्रजी गाड्या त्याच्या जवळजवळ दुप्पट जात. रुंदी सहा फुटांच्या आसपास, म्हणून जुन्या पेठांच्या गल्ल्यांत वळतांना नाकीं नऊ येत. सहा व्होल्टांची बॅटरी पावसाळ्यांत दगा देई. हातब्रेक चाकांना न धरतां गियरपेटीच्या मागल्या दांड्याला धरी. म्हणून चढावर गाडी उभी केली कीं जाणता चालक चाकामागें दगड लावल्याखेरीज खालीं उतरत नसे. डाव्या अंगाच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असत. चाक फिरतांना बोल्ट सैल होऊं नयेत असा त्यांतला विचार. ज्याला हें ठाऊक नसे तो पंक्चर काढतांना पान्ह्यावर सारा जोर लावी आणि बोल्ट सैल होण्याऐवजीं अधिकच आवळून बसे.

घाटाची परीक्षा तर सर्वांनाच असे. पनवेल समुद्रसपाटीलगत आणि खंडाळा सुमारें अठराशे फुटांवर. ही बहुतेक सारी उंची खोपोलीच्या पुढें कांहीं थोड्या मैलांत चढावी लागे. वेग कमी, म्हणून समोरून वारा लागत नाहीं. इंजिनाला श्रम अधिक, म्हणून उष्णता वाढते. अशा वेळीं रेडिएटरमधलें पाणी उकळूं लागे. कधीं पेट्रोलच नळींत वाफ होऊन अडे. मग पंपावर ओलें फडकें गुंडाळून गाडी निवेपर्यंत वाट पाहावी लागे. हा दोष एकट्या डी सोटोचा नव्हे. उलट, पाण्याचा नियम पाळणाऱ्यास ती दगा देत नाहीं, असेंच तिचे मालक म्हणत.

या सर्वांहून मोठा गुण मात्र गाडी मोडल्यावर दिसे. एखाद्या दुर्मिळ मोटारीचा भाग गेला कीं ती महिनोगणती दारांत उभी राही. डी सोटोचें तसें नव्हतें. डॉजचा वॉटर-पंप, प्लिमथचा ब्रेकचा नळ, टॅक्सींतून काढलेला डिस्ट्रिब्यूटर, यांतलें बरेंच कांहीं तिला चाले. एका गाडीवर हात बसलेल्या मिस्त्रीला तिन्ही गाड्या येत. मोडीत निघालेली एक बहीण दुसऱ्या दोघींना कांहीं वर्षें जगवी. पेट्रोल महाग झालें तेव्हां कित्येक गाड्यांत डिझेल इंजिनें बसविलीं गेलीं, आणि सांगाडा दणकट असल्यानें तो भारहि त्यांनीं पेलला. पनवेलसारख्या, दोन मोठ्या रस्त्यांच्या तोंडाशीं असलेल्या गांवीं मोटारीच्या नांवाला फारसा अर्थ नसतो. भाग मिळतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो.

अमेरिकेंत नेमका उलटा प्रकार घडला. तेथें गिऱ्हाईक नांवासाठीं अधिक पैसे मोजत होतें. १९५७ सालीं उंच शेपट्यांच्या नव्या घाटानें डी सोटोच्या सुमारें १ लक्ष १७ हजार गाड्या तयार झाल्या. पुढल्याच वर्षीं मंदी आली आणि ही संख्या पन्नास हजारांच्या आंत घसरली. डॉजच्या भारी गाड्या खालून वर चढल्या, क्रायस्लरच्या स्वस्त गाड्या वरून खालीं उतरल्या आणि मधली पायरीच उरली नाहीं. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत जर फरकच दिसत नसेल, तर मधलीसाठीं वेगळे पैसे कोण देणार? ३० नोव्हेंबर १९६० रोजीं डी सोटो बंद झाल्याचें जाहीर झालें. शेवटच्या, १९६१ च्या नमुन्याच्या गाड्या अवघ्या तीन हजारांच्या वर थोड्या निघाल्या. बत्तीस वर्षांत एकंदर वीस लाखांहून अधिक डी सोटो रस्त्यावर आल्या होत्या. तिची बहीण प्लिमथ हीहि पुढें याच वाटेनें गेली. तिचें उत्पादन २००१ सालीं थांबलें.

तरी नांव तत्काळ मेलें नाहीं. येथें व तुर्कस्तानांत तें मालमोटारींच्या कपाळावर पुढेंहि झळकत राहिलें. कुर्ल्याच्या कारखान्यानें मात्र १९५० नंतरच्या दशकांतच आपलें लक्ष फियाट या लहान इटालियन गाडीकडे वळविलें. परकी चलनाची टंचाई आणि पेट्रोलचा खर्च पाहतां तें योग्यच होतें. त्याच गाडीची पुढली पिढी प्रीमियर पद्मिनी म्हणून मुंबईची टॅक्सी झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचीहि टॅक्सी म्हणून मुदत संपली.

वस्तूचें मोल तिच्या वेगळेपणांत असतें कीं सारखेपणांत, या प्रश्नाचें एकच उत्तर नाहीं. दुकानाच्या कांचेमागें वेगळेपण विकलें जातें. घाटाच्या पायथ्याशीं सारखेपण उपयोगी पडतें. डी सोटोजवळ वेगळेपण थोडें होतें आणि सारखेपण पुष्कळ. डेट्रॉइटच्या हिशेबनिसानें पहिल्याची उणीव पाहिली, आणि ती खरीच होती. पळस्प्याच्या फांट्यावर ज्यांची गाडी बंद पडून तासाभरांत पुन्हां सुरू झाली, त्यांनीं दुसऱ्याची पुरवणी अनुभवली, आणि तीहि तितकीच खरी होती.