गोठ्यातली येझदी आणि ३८० रुपयांची बचत

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडळात आमचं घर आहे. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि गॅरेजमध्ये दखनी, असं आमचं चालतं. ही तिसरी भाषा मी उशिरा शिकलो. निमित्त झालं बाबांच्या येझदीचं.

बाबा मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक होते. १९९० साली त्यांनी येझदी २५० घेतली. शाळा, बाजार, दवाखाना, लग्नं, सगळं त्या गाडीवर झालं. टाकीवर बसून मी अर्धं बालपण काढलं. २०१० मध्ये गाडी बंद पडली ती गोठ्यात उभी राहिली. त्यानंतर मी बी.ई. झालो, हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये लागलो, गाडीवर कोंबड्या बसू लागल्या.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत भंगारवाला दारात आला. बाबा त्याच्याशी भाव करत होते. ते किलोच्या हिशेबानं बोलताहेत हे ऐकून मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "बाबा, देऊ नका. मी चालू करतो."

बाबा हसले. "तुला टायर तरी बदलता येतो का रे?"

येत नव्हता. घराचा हप्ता चालू असल्यानं पैसाही फार नव्हता. इंजिनासाठी मी १८ हजार रुपये बाजूला काढले आणि त्यावर एक रुपया जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं.

ही गाडी आली कुठून?

तुमच्यापैकी अनेकांनी येझदी हे नाव नव्या गाडीवरच वाचलं असेल, म्हणून थोडी माहिती. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात फ्रँटिशेक यानेचेक यांनी जर्मन वाँडरर कंपनीची मोटरसायकल बनवायला घेतली. यानेचेकमधलं 'या' आणि वाँडररमधलं 'वा' मिळून 'यावा' झालं, आपण त्याला जावा म्हणतो. फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१ च्या सुमारास म्हैसूरला या गाड्या बनवायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात गाडीचं नाव येझदी झालं. इराणमधल्या यझ्द शहराशी नातं सांगणारं हे नाव आहे. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी नव्या रूपात परत आल्या, पण त्यांची इंजिनं फोर-स्ट्रोक आहेत. आमची जुनी, टू-स्ट्रोक.

दोन सायलेन्सर, सुमारे २४९ सीसीचा एकच सिलिंडर आणि डाव्या बाजूला एकच कांडी. तीच कांडी आत दाबून वर फिरवली की किक, खाली आणली की गिअर. नवीन माणूस हमखास गोंधळतो.

पिचकारीचं गणित

काम सुरू करण्याआधी टू-स्ट्रोक म्हणजे काय ते समजून घेतलं. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत-बाहेर करायला व्हॉल्व्ह असतात आणि ऑइल खाली वेगळं राहतं. आमच्या गाडीत व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टनच त्या उघडतो, झाकतो. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं, खाली येताना तेच दाबून वर ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हा एक पंप आहे. रंगपंचमीची पिचकारी आठवा. तिचा वायसर झिजला की पाणी ओढलं जात नाही. इथे वायसरचं काम क्रँकच्या दोन्ही टोकांना बसवलेली रबरी ऑइल सील करतात.

ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, कारण क्रँकला आणि पिस्टनला दुसरं वंगण मिळत नाही. मिश्रण कमी पोचलं तर ऑइलही कमी पोचतं. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. पुढे त्याचीच किंमत मोजली.

खोलणं

पंधरा-वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट किक मारू नये. गंज आणि जुनं ऑइल यांनी रिंगा भिंतीला चिकटलेल्या असतात, जोर लावला तर त्या मोडतात. मी प्लग काढून त्या भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि आठवडाभर वाट पाहिली. मग चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक हळूहळू पुढे-मागे केलं, तेव्हा पिस्टन हलला.

आदिलाबादला एक चाचा आहेत, सत्तरीला आलेले. जिल्ह्यातल्या जुन्या जावा-येझदी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. मी त्यांना टाकीच्या रंगाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "रंग कू बाद में देखते बेटा. पैले अंदर देख."

कमी पैशात काम करायचं असेल तर यापेक्षा चांगला सल्ला नाही. पैसा जिथे दिसत नाही तिथे आधी घालायचा. चाचांनी दाखवलेला क्रम असा:

पहिला क्रँक. कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढायचा. किंचितही खेळ लागला तर रॉडचा किट बदलायचा. क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा सरळ बसवणं हे घरचं काम नाही, तिथे लेथवाल्यालाच पैसे द्यावेत.

दुसरा सिलिंडर. तो झिजून अंडाकृती झालेला असतो. बोअर करून पाव मिलिमीटरच्या पायरीनं मोठा पिस्टन घालतात. आधी पिस्टन आणायचा, मग त्याच्या मापानं बोअर करायचा. प्रत्येक बोअर म्हणजे सिलिंडरचं एक आयुष्य कमी.

तिसरी बेअरिंगं. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. त्याच नंबराचं चांगल्या कंपनीचं बेअरिंग मला सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये मिळालं. 'येझदीचं बेअरिंग' म्हणून मागितलं असतं तर जास्त पैसे गेले असते.

चौथी वीज: पॉइंट, कंडेन्सर, प्लग, वायरी. मग कार्बोरेटर.

स्वतः करण्यासारखंही खूप असतं. प्रत्येक नट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, खोलताना फोटो, हे मी केलं. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्यांवर काजळीचा थर बसलेला, तो कॉस्टिक सोड्यात सोडवला. हातमोजे आणि चष्मा घालूनच. पिस्टन किंवा हेड मात्र त्यात कधीही टाकू नका, ते ॲल्युमिनियमचे असतात आणि सोडा ॲल्युमिनियम खातो.

आठ शनिवार-रविवार मी हैदराबादहून तीनेकशे किलोमीटर ये-जा केली. हिशेब असा झाला: क्रँकचा किट आणि प्रेसचं काम ३,४००, बोअर व पिस्टन २,९००, बेअरिंगं १,९००, क्लच प्लेटा आणि गॅस्केट १,३५०, वीज १,४५०, कार्बोरेटर व पेट्रोलची नळी ६५०, चाचांची मजुरी ३,५००. एकूण १५,१५०. उरलेल्या २,८५० रुपयांत टाकीला रंग द्यायचं मी मनात पक्कं केलं.

चूक

ऑइल सील या यादीत नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. चाचांनी नवीन सील आणायला सांगितलं होतं. सेट ३८० रुपयांचा, पण कुरिअरनं यायला आठवडा लागणार होता. चाचा लग्नाला गावी गेलेले, माझी सुट्टी संपत आलेली. जुनी सील हाताला मऊ लागली. मी तीच बसवली आणि इंजिन स्वतःच बंद केलं.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आई पदराला हात पुसत बाहेर आली, शेजारची पोरं धावली. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "एक्सलेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही. गाडी हवा खाऊन राहिली."

मी म्हटलं, "कार्बोरेटरचं सेटिंग आहे बाबा, करतो." स्क्रू फिरवला, आवाज उतरल्यासारखा वाटला. प्लग काढून पाहिला तर पांढरट दिसत होता. मिश्रणात हवा जास्त झाल्याची ती खूण, व्यवस्थित चालणाऱ्या गाडीचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. तेही मी वाचलेलं होतं. तरी शेतातल्या वाटेवर गाडी काढली.

दुसऱ्या फेरीत इंजिन अचानक आवळल्यासारखं झालं आणि मागचं चाक घसरलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. पिस्टन जाम झाला होता. डायनॅमोच्या बाजूचं सील कडेनं फाटलेलं निघालं. तिथून हवा आत शिरत होती, मिश्रण पातळ होत होतं आणि ऑइलही कमी पडत होतं. बाबांनी खुर्चीतून जे ऐकलं ते शब्दशः खरं होतं.

गाडी ढकलत घरी आणताना वाटेत मी एकच विचार करत होतो. वीस वर्षं ही गाडी चालवलेला माणूस घरात असताना मी दोन महिने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, अनोळखी लोकांना प्रश्न विचारले, बाबांना एकही विचारला नाही. शाळेतून आल्यावर ते रविवारी पॉइंट स्वतः घासायचे, हे मला आठवत होतं. तरी नाही.

बाबा रागावले नाहीत. हातात पाना घेतला आणि म्हणाले, "काढ परत."

दुसरी खेप

या वेळी बाबा शेजारी बसले. प्लगच्या भोकातून पिस्टन किती वर आला ते मोजून टायमिंग कसं लावायचं, पॉइंटच्या फटीत पत्ती किती सैल सरकली पाहिजे, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या खिडकीकडेच का हवा, हे त्यांनी सांगितलं. पत्ती सरकवताना त्यांचा हात थोडा कापतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सध्या आम्ही रोज फोनवर बोलतो, पण फोनवर हात दिसत नाही.

पुन्हा बोअर आणि पिस्टन २,९००, गॅस्केट ३५०, सील ३८०, चाचांची मजुरी १,२००. आणखी ४,८३० रुपये. एकूण १९,९८०. टाकीचा रंग राहिला तो राहिलाच.

सुरुवातीला लिटरला ५० मिली टू-टी ऑइल घातलं, हळू चालवली, आता ४० मिलीवर आणलं आहे. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही.

एक गोष्ट मात्र आधी करा: कागदपत्रं तपासा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळत नसतील तर एक रुपयाही घालू नका. आमची आरसी बाबांच्या नावावर होती, पण मुदत संपलेली. फॉर्म २५ भरला, दंड आणि शुल्क भरलं, तपासणी झाली, विमा आणि प्रदूषणाचं प्रमाणपत्र घेतलं, मगच गाडी रस्त्यावर आणली. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीलाच 'विंटेज' म्हणतात, तेव्हा आमच्यासारख्या गाड्यांना नेहमीचंच नूतनीकरण लागतं. या कामाचे आणि ब्रेक, टायर, चेनचे पैसे इंजिनाच्या हिशेबाबाहेर धरा.

गाडी धूर करते हेही खरं. टू-स्ट्रोकमध्ये थोडं मिश्रण न जळताच बाहेर पडतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या मागे पडल्या, ते योग्यच झालं. म्हणून आम्ही ती रोज वापरत नाही. महिन्यातून एकदा मी गावी जातो तेव्हा निघते. मी चालवतो, बाबा मागे बसतात आणि वाटेत खांद्यावर थाप मारून सांगतात, "गिअर टाक, इंजिन रडून राहिलं." मी टाकतो.

परवा आईनं विचारलं, टाकीला रंग कधी देणार. टाकीवर माझ्या दप्तराच्या बकलानं पडलेले ओरखडे अजून आहेत. बाबा म्हणाले, राहू दे.

तुमच्याही घरी, गावी, मामाच्या अंगणात अशी एखादी राजदूत, आरएक्स किंवा चेतक उभी असेल. पाना उचलण्याआधी ती ज्यांनी चालवली त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा आणि विचारा. आणि सील नवीन टाका.