टोलनाका आणि ठाणं : ‘फार क्राय २’ कडून ‘फार क्राय ३’ काय शिकला?

आजचा विषय व्हिडिओ गेमचा आहे. आपल्यातल्या काहींनी हे खेळ रात्र रात्र जागून खेळलेले असतील, आणि काहींनी मुलांच्या खोलीतून येणारे गोळीबाराचे आवाज तेवढे ऐकले असतील. दोघांनाही कळेल असं बोलू या. कारण प्रश्न खेळापुरता नाही. आपण एखादी गोष्ट बनवतो, लोक म्हणतात, “चांगली आहे, पण त्रास फार होतो.” मग ती पुन्हा बनवायची संधी मिळते. अशा वेळी तो त्रास सरळ काढून टाकायचा, की तो त्रास तिथे कशासाठी होता हे आधी बघायचं? या प्रश्नाचं एक फार स्वच्छ उदाहरण म्हणजे एकाच मालिकेतले दोन खेळ : २००८ साली आलेला ‘फार क्राय २’ आणि २०१२ च्या शेवटी आलेला ‘फार क्राय ३’. दोन्ही युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओचे.

आधी एक शब्द समजून घेऊ, ओपन-वर्ल्ड शूटर. शूटर म्हणजे खेळाडूच्या हातात बंदूक आहे आणि तो पात्राच्या डोळ्यांतून जग बघतोय. ओपन-वर्ल्ड म्हणजे त्याला ठरलेल्या बोळातून पुढे ढकललेलं नाही. एक मोठा नकाशा दिलाय. कुठे जायचं, कुठल्या वाटेने जायचं, दिवसा जायचं की रात्री, हे तो ठरवतो. त्यामुळे अशा खेळात दोन मोहिमांच्या मधला प्रवास हाही खेळच असतो. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

पहिल्याचं दुखणं

‘फार क्राय २’ आफ्रिकेतल्या एका नाव न दिलेल्या देशात घडतो. यादवी युद्ध पेटलंय. यू.एफ.एल.एल. आणि ए.पी.आर. असे दोन गट एकमेकांवर तुटून पडलेत आणि दोघांनाही शस्त्रं पुरवणारा माणूस एकच, जॅकल. आपण भाडोत्री सैनिक. त्या जॅकलला मारायला आलोय, आणि आल्या आल्या मलेरियाने आडवे झालोय.

हा मलेरिया पूर्ण खेळभर सोबत राहतो. मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते, गोळी घ्यावी लागते. गोळ्या संपल्या की त्या मिळवण्यासाठी एक वेगळी फेरी करावी लागते. बंदुका गंजतात. शत्रूच्या हातातून पडलेली बंदूक उचलली तर ती ऐन लढाईत अडकते, आणि आपण तिच्याशी झटापट करत उभे. नकाशा बघायचा तर तो खरोखर हातात धरून बघायचा. जग थांबत नाही. नकाशा बघता बघता गोळी लागू शकते.

आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे चौक्या. रस्त्यांच्या तिठ्यांवर सशस्त्र माणसांच्या चौक्या आहेत. आपण एक चौकी साफ केली, पुढे गेलो, काम करून त्याच वाटेने परत आलो, की चौकी पुन्हा भरलेली! तीच जागा, तशीच माणसं, तोच गोळीबार. बरं, ज्या गटासाठी आपण काम करतोय त्याची माणसंही आपल्यावर गोळ्या झाडतात. गोष्टीत त्याचं कारण दिलंय : काम गुप्त आहे, खालच्या माणसांना माहीत नाही. कारण पटतं, पण दहाव्या वेळी गोळ्या झेलताना त्या कारणाचा उपयोग होत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही चौकी म्हणजे टोलनाका आहे. जाताना भरा, येताना भरा. गोळ्या खर्च होतात, जीप खिळखिळी होते, वेळ जातो, आणि हातात काहीच उरत नाही. उद्या पुन्हा भरायचंच आहे.

दुसऱ्याने केलेली खरी दुरुस्ती

आता ‘फार क्राय ३’ कडे येऊ. जागा बदलली. रूक आयलंड्स नावाची काल्पनिक उष्ण प्रदेशातली बेटं. जेसन ब्रॉडी हा सुट्टीवर आलेला अमेरिकन तरुण, व्हास नावाच्या चाच्याच्या तावडीत सापडलेला. पण आपल्याला बघायचंय ते नियमांकडे.

चौक्यांची इथे ३४ ठाणी झाली. नियम एका ओळीत सांगता येतो : एकदा जिंकलेलं ठाणं जिंकलेलंच राहतं. तिथे आपल्या बाजूची माणसं येतात, शस्त्रांचं दुकान उघडतं, आणि पुढच्या वेळी नकाशावरून थेट त्या जागी पोचता येतं. म्हणजे जागा तीच, लढाई तीच, पण हिशेब पूर्ण उलटा झाला. आधी प्रत्येक लढाई पुढचा प्रवास महाग करत होती, आता प्रत्येक लढाई पुढचा प्रवास स्वस्त करते. टोल भरण्याऐवजी आपण रस्ताच विकत घेतोय म्हणा ना.

यातली एक गोष्ट नीट बघा. ‘लोक चौक्यांना कंटाळले, चौक्या काढून टाका’ असं बनवणाऱ्यांनी केलं नाही. केलं असतं तर नकाशा नुसता मोकळा माळ झाला असता. उलट, चौकी त्यांनी खेळाच्या मध्यभागी आणून ठेवली. ठाण्यात धोक्याची घंटा वाजवणाऱ्या पेट्या आहेत. कुणी ती वाजवली तर बाहेरून कुमक येते. गपचूप पेटी निकामी केली तर येत नाही. कुणालाही न दिसता ठाणं घेतलं तर जास्त गुण. लांबून कॅमेऱ्याने शत्रू हेरून ठेवता येतात. आणि कोण आपल्याकडे संशयाने बघतोय, कुठल्या दिशेने, हे पडद्यावर दिसतं. ‘फार क्राय २’ मध्ये लपूनछपून जायची इच्छा असली तरी आपण कधी दिसलो, का दिसलो, याचा पत्ता लागत नसे. इथे तो लागतो. त्यामुळे ठाण्यासमोरच्या टेकडीवर पालथं पडून पाच मिनिटं नुसतं बघत बसणं, हाच खेळातला सगळ्यात रंगतदार भाग झाला.

बंदुकीचं काय? ‘फार क्राय ३’ मध्ये बंदुका अडकत नाहीत. इथे घाईने म्हणता येईल की बघा, त्रास काढून टाकला. पण जरा थांबू. बंदूक अडकल्याने नेमकं काय होत होतं? आपण बेत आखलेला असे : डावीकडून जायचं, आधी बुरुजावरच्याला टिपायचं. तिसऱ्या गोळीला बंदूक अडकली की बेत कोलमडला. मग धावा, आडोसा शोधा, गवताला आग लावा, काहीतरी नवं सुचवा. ती धांदल हीच त्या खेळाची चव होती. मात्र तिचं कारण रटाळ होतं. स्वतःच्या हातातल्या वस्तूने दगा दिला की माणूस चिडतो.

‘फार क्राय ३’ ने ती धांदल ठेवली आणि तिचं कारण बदललं. मागच्या खेळातले झेब्रे आणि हरणं निरुपद्रवी होती. इथे जंगलात वाघ, बिबटे, अस्वलं, मगरी आहेत. आपण अगदी हळू सरकत ठाण्याजवळ पोचतो आणि मागून बिबट्या येतो. बेत कोलमडला! कधी उलटंही होतं. ठाण्यात पिंजऱ्यात ठेवलेलं जनावर असतं. लांबून पिंजऱ्याच्या दारावर एक गोळी मारली की उरलेलं काम ते जनावर करतं. अनिश्चितता तेवढीच आहे, पण बंदूक अडकल्यावर खेळाडू खेळाला शिव्या घालतो आणि वाघ आल्यावर तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी मित्रांना रंगवून सांगतो.

आम्ही याला दोषाचं भाषांतर म्हणतो. चांगला भाषांतरकार शब्द बदलतो, अर्थ जपतो, तसंच हे.

आणि काही गोष्टी त्यांनी हात न लावता पुढे नेल्या. गवतातून वाऱ्याबरोबर पसरणारी आग, जखम झाल्यावर अंगातली गोळी स्वतःच उपटून काढणं, हे तसंच आहे. जे चालत होतं ते मोडायचं नाही, हाही धडाच.

सुक्याबरोबर ओलंही

इथवर सगळं गोड झालं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं इथे झालं.

मलेरिया गेला. त्याबद्दल कुणी अश्रू ढाळले नसतील. तो वाईटच बसवलेला होता. कारण त्यात निर्णय नव्हता. अंधारी आली, बटण दाबा, संपलं. त्रास आहे पण निवड नाही, असा नियम खेळात ओझं होतो. पण तो एक गोष्ट सांगत होता : तू या देशात पाहुणा आहेस, अशक्त आहेस, दुसऱ्याच्या दयेवर जगतोयस. गोळ्या देणारे लोक सामान्य नागरिकांना देशाबाहेर काढणारे होते. त्यांच्यासाठी प्रवासाचे कागद पोचवले की गोळ्या मिळत. बंदूकबाजीच्या त्या पूर्ण खेळात दुसऱ्याचा जीव वाचवायचं हे जवळजवळ एकमेव काम.

सोबतीही गेले. ‘फार क्राय २’ मध्ये आपण कोसळलो की ओळखीतला एखादा भाडोत्री सैनिक धावत येऊन आपल्याला ओढून बाजूला नेई. आणि तोच कधी जखमी पडला तर त्याला औषधाची सुई द्यायची, की मरायला सोडायचं, हे आपल्याला ठरवावं लागे. जेसन ब्रॉडीला लढाईत असा कुणी सोबती नाही. तो प्रत्येक शिकारीनंतर, प्रत्येक ठाण्यानंतर अधिक बलवान होत जातो, बस्स.

आता गंमत बघा. ‘फार क्राय २’ चे दिग्दर्शक क्लिंट हॉकिंग. याच हॉकिंग यांनी २००७ साली ‘बायोशॉक’ या खेळावर लिहिताना एक संज्ञा रूढ केली, लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स. सोप्या मराठीत : गोष्ट एक सांगते आणि नियम दुसरंच शिकवतात. या कसोटीवर त्यांचा स्वतःचा खेळ कंटाळवाणा असेल, पण एकजीव आहे. गोष्ट म्हणते, इथली हिंसा काहीच मिटवत नाही. नियमही तेच म्हणतात : मारलंस? चौकी पुन्हा भरली. ती वैतागवाणी चौकी त्या खेळाचं मुख्य विधान होती, मंडळी.

हॉकिंग २०१० मध्ये युबिसॉफ्टमधून बाहेर पडले. तिसऱ्या खेळाची गोष्ट विचारते की हा साधा मुलगा मारण्यात रमत चाललाय, हे भयंकर नाही का? पण नियम म्हणतात, शाब्बास, हे घे गुण, हे घे नवं कौशल्य, या कातड्याचं मोठं पाकीट शिव. जीभ एक बोलते, हात दुसरंच करतो. दोष दुरुस्त करता करता त्या दोषातून व्यक्त होणारं म्हणणं निसटलं.

रिकामं बेट

आणि दुरुस्तीने स्वतःचा नवा दोषही जन्माला घातला. जिंकलेलं ठाणं जिंकलेलंच राहतं, ठीक आहे. पण सगळी ३४ जिंकली की? बेटावर लढायला कुणी उरतच नाही. सुंदर समुद्र, सुंदर डोंगर, शस्त्रांनी लादलेले आपण, आणि पूर्ण शांतता. अखेर २०१३ मध्ये आलेल्या अपडेटने सोय दिली : ठाणी पुन्हा शत्रूंच्या ताब्यात द्या आणि पुन्हा जिंका. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मागच्या खेळाला बोल लावले, तीच गोष्ट परत. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आता ती खेळाडूच्या मर्जीने होते.

पुढचा प्रवासही असाच. २०१४ च्या ‘फार क्राय ४’ मध्ये जिंकलेल्या ठाण्यांवर शत्रू उलटून हल्ले करतात आणि त्या भागातला मोठा किल्ला घेतला की ते थांबतात. टोलनाका आणि मालकी यांच्यामधली ही तडजोड. सोबत लढणारे साथीदार २०१८ च्या ‘फार क्राय ५’ मध्ये ठसठशीतपणे परत आले, कुत्रा आणि अस्वलासकट. आणि तिसऱ्या खेळात नकाशा उघडण्यासाठी चढायचे ते १८ रेडिओ मनोरे? नवलाई म्हणून आले, सवय झाले, कंटाळा झाले, आणि पाचव्या खेळाने ती पद्धत सोडून दिली. कालचा उपाय आजचा आजार होतो तो असा.

मग यातून घ्यायचं काय? लोकांची तक्रार खरी असते, हे आधी मान्य करायचं. ‘तुम्हाला खेळ कळलाच नाही’ हे उत्तर चालत नाही. पण तक्रार कुठे दुखतंय ते सांगते, का दुखतंय ते सांगत नाही. ते बनवणाऱ्याने शोधायचं असतं. त्यासाठी प्रत्येक दोषापुढे एक साधा प्रश्न मांडावा : हा नसता तर कुठली चांगली गोष्ट घडली नसती? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर बेलाशक काढून टाका. उत्तर आलं, तर ती चांगली गोष्ट दुसऱ्या मार्गाने कशी घडवता येईल ते बघा, वाघासारखी. आणि दुसरा मार्ग सापडलाच नाही, तर आपण नेमकं काय गमावतोय हे निदान कळून सवरून गमवा.

हे खेळाला लागू आहे, तसंच शाळेच्या अभ्यासक्रमाला, कचेरीतल्या अर्जाला, गावच्या रस्त्यालाही. आज घरी गेल्यावर आपल्या कामातली एक त्रासदायक गोष्ट निवडा आणि तिला हा प्रश्न विचारून बघा. उत्तर काय आलं ते पुढच्या वेळी इथे ऐकायला आम्हाला आवडेल.