परसबागेत फालसा व करवंद

परसबाग म्हटली की शेवगा, कढीपत्ता, पपई आणि भाजीचे चार वाफे एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. फळझुडपांना तीत क्वचितच जागा मिळते. फालसा उत्तरेकडचा आणि करवंद डोंगरातले, अशी समजूत करून घेऊन आपण दोहोंनाही कुंपणाबाहेर ठेवले आहे.

प्रथम फालशाचा विचार करू. याचे पिकलेले फळ एकदोन दिवसांतच नासू लागते आणि एका फांदीवरील सर्व फळे एकाच वेळी पिकत नाहीत. त्यामुळे दूरच्या बाजारपेठेस ते मानवत नाही. व्यापाऱ्यास अडचणीचा वाटणारा हा गुण घरच्या बागेत मात्र सोयीचा ठरतो. रोज सकाळी जांभळी झालेली फळे वाटीभर तोडावीत, त्याच दिवशी मुलांनी खावीत किंवा त्यांचे सरबत करावे.

"झाड वाढले, पण फळ नाही," अशी तक्रार मात्र नेहमी ऐकू येते. येथे दोष बहुधा जमिनीचा नसतो, छाटणी न केल्याचा असतो. फालशाची फुले नव्या फुटीवर येतात. उत्तरेत कडक थंडीने पाने गळतात आणि झाडच छाटणीची आठवण करून देते. आपल्याकडील सौम्य हिवाळ्यात ते पुष्कळदा हिरवेच राहते व मालकही स्वस्थ बसतो. डिसेंबर-जानेवारीत सर्व फांद्या जमिनीपासून तीन ते चार फुटांवर निर्दयपणे छाटाव्यात. उघडे बोडके झुडूप पाहून घरातील वडील मंडळी हळहळतील, हळहळू द्यावे. छाटणीनंतर दोन पाट्या कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळी फुले येतात आणि एप्रिलपासून फळे पिकू लागतात. मोरीचे सांडपाणी देण्यास हरकत नाही. मात्र ते बुंध्याशी साचू देऊ नये. पाखरांपासून रक्षणासाठी जुने जाळे टाकावे.

करवंदास एवढी निगा लागत नाही. सह्याद्रीच्या कातळावर वाढणारे हे झुडूप परसाच्या कडेला तीन-तीन फुटांवर लावल्यास त्याचे काटेरी, सदाहरित कुंपण होते. पायवाटेपासून ते दूरच असावे. कच्च्या फळांचे लोणचे व चटणी करतात. फळात पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही चांगली आळते.

दोन्हींची रोपे बियांपासून होतात. पण करवंदाचे बी सुकले की लवकर निकामी होते. ग्रामसेवकांनी मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांचे बी मिळताच धुऊन ताबडतोब गादीवाफ्यावर पेरवावे. रोपे पुढील पावसाळ्याच्या आरंभी कायम जागी लावता येतील. फालशाच्या दोन झाडांत आठ फुटांचे अंतर ठेवावे. चांगला बहर येण्यास लावणीपासून साधारणतः तिसरे वर्ष उजाडते, हे शेतकरी बंधूंना आधीच सांगून ठेवावे.