निजलेले इंजिन

चालणारे यंत्र झिजते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. बैलगाडीचा आस झिजतो, शिवणयंत्राची सुई बोथट होते, सायकलीची साखळी सैल पडते. परंतु यंत्र नुसते ठेवून दिले, तर ते जसेच्या तसे राहते, अशी आपली समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. न वापरलेले यंत्रही बिघडते. मात्र त्याचा बिघाड मुकाट्याने होतो, म्हणून तो आपल्या ध्यानात येत नाही. विजेवर चालणाऱ्या खेळण्यातील आगगाडीकडे पाहिले, म्हणजे हे चांगले समजते.

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी फ्रँक हॉर्नबी नावाचे गृहस्थ मुलांसाठी यांत्रिक खेळणी तयार करीत असत. १९२० साली त्यांच्या कारखान्यातून खेळण्यातील आगगाड्या बाहेर पडू लागल्या. हॉर्नबी १९३६ साली वारले. पुढे दोन वर्षांनी त्यांच्याच कारखान्याने ‘हॉर्नबी डब्लो’ नावाची आणखी लहान आगगाडी काढली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर होते, आणि तिची इंजिने खऱ्या इंजिनाच्या सुमारे शहात्तराव्या हिश्श्याएवढी असत. काही इंजिने चावीवर चालत, तर काही १२ व्होल्टच्या विजेवर.

या गाड्यांशी खेळणारी मुले मोठी झाली आणि गाड्या पेट्यांत बंद होऊन माळ्यावर जाऊन बसल्या. कधी तीस, कधी पन्नास वर्षांनी एखादी पेटी खाली येते. इंजिन अजून नव्यासारखे चकाकत असते. ते रुळावर ठेवावे आणि एकदम कळ दाबावी, असा मोह कोणालाही होईल. पण नेमकी हीच घाई इंजिनाचा घात करते.

असे का व्हावे? इंजिन पेटीत निजलेले असले, तरी त्यातील तेल स्वस्थ बसलेले नसते. त्याचा पातळ अंश हळूहळू उडून जातो. उरलेल्या अंशावर हवेतील प्राणवायूचा परिणाम होतो, त्यात धूळ मिसळते, आणि शेवटी त्याचा डिंकासारखा चिकट थर बनतो. जे तेल चाकांना मोकळे ठेवण्यासाठी घातले होते, तेच आता त्यांना जखडून टाकते.

अशा जखडलेल्या इंजिनात वीज सोडली, तर काय होईल? विजेच्या मोटारीत तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी चुंबकाजवळ फिरत असतात. ती फिरू लागली, की त्यांच्यात मूळ विजेला विरोध करणारा दाब आपोआप उत्पन्न होतो आणि आत येणाऱ्या विजेला लगाम बसतो. परंतु मोटार जागची हललीच नाही, तर हा विरोध उत्पन्न होत नाही. मग प्रमाणाबाहेर वीज आत शिरते, वेटोळी तापतात आणि तारेवरचा रोगणाचा लेप जळून जातो. पन्नास वर्षे सुखरूप राहिलेली मोटार अशा रीतीने एका मिनिटात निकामी होऊ शकते.

म्हणून जाणता कारागीर प्रथम विजेला हात लावीत नाही. तो इंजिन नीट पाहतो. जुनी इंजिने पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. ओतकामाच्या वेळी त्या धातूत शिशाचा थोडासा अंश मिसळला गेला असेल, तर वर्षानुवर्षे तो धातू आतून फुगत जातो, त्याला तडे पडतात आणि शेवटी त्याचा भुगा होऊ लागतो. या रोगावर औषध नाही. असे इंजिन धावविण्याचा हट्ट न धरता ते कपाटात जपून ठेवावे, हेच शहाणपणाचे.

धातू निरोगी असेल, तर पुढचे काम हाती घ्यावयाचे. इंजिन हाताने रुळावर रेटून पाहणे मात्र धोक्याचे असते. पुष्कळशा इंजिनांत मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते आटे चाकांच्या दंतचक्राला फिरवितात. या रचनेत मोटार चाकांना फिरवू शकते. चाके मोटारीला फिरवू शकत नाहीत. जोराने रेटल्यास दाते तुटण्याचा संभव असतो. म्हणून वरचे कवच काढून मोटारीचा दांडाच बोटाने हळूहळू फिरवून पाहावा.

नंतर सफाई. घट्ट झालेले वंगण लाकडी काडीने खरवडून काढावे. आसाला गुंडाळलेले केस व दोरे चिमट्याने ओढून घ्यावेत. मोटारीत कर्बाचे दोन लहान तुकडे तांब्याच्या फिरत्या कड्यावर टेकलेले असतात. त्यांतून वीज वेटोळ्यांत जाते. या कड्याला बारीक फटी असतात. त्यांत कर्बाची भुकटी साचली, तर वीज आडवाटेने जाते. त्या फटी काडीने साफ कराव्यात. कडे काचकागदाने घासू नये, कारण त्यावर ओरखडे उठतात. वीज रुळांतून इंजिनात येते, तेव्हा रूळ, चाके आणि रुळाला टेकणारी पट्टी हीही पुसून लख्ख केली पाहिजेत.

आता तेल द्यावयाचे. येथे उदारपणा कामाचा नाही. सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब प्रत्येक सांध्याला पुरतो. जास्त झालेले तेल उडून कड्यावर व चाकांवर पडते. मग चाके घसरतात आणि विजेच्या वाटेत अडथळा येतो. घरातील गोडेतेल किंवा खोबरेल तर मुळीच वापरू नये. खोबरेल थंडीत गोठते, हे आपण दरवर्षी पाहतोच. आणि गोडेतेल काही दिवसांनी चिकट होते.

सरतेशेवटी वीज. गाडीला लागणारी वीज केवळ १२ व्होल्टची असली, तरी तिचे जुने उपकरण घरातील विजेच्या जोरदार प्रवाहाला जोडावे लागते. त्याच्या तारांवरील रबर कालांतराने कडक होऊन तडकते. म्हणून ते जाणत्या माणसाने तपासल्यावाचून मुलांनी कधीही जोडू नये. प्रथम तीन-चार व्होल्टच वीज द्यावी आणि कान देऊन ऐकावे. मोटार फिरली नाही, तर तत्काळ वीज बंद करून पुन्हा सफाईकडे वळावे. फिरली, तर काही वेळ पुढे, काही वेळ मागे, असे ते इंजिन सावकाश चालू द्यावे. डबे जोडावयाचे ते त्यानंतर.

खऱ्या इंजिनांचीही हीच कथा आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे १८५५ साली बनविलेले ‘फेअरी क्वीन’ नावाचे इंजिन भारतात आले आणि १९०९ साली निवृत्त झाले. तब्बल ८८ वर्षांनी, १९९७ साली, ते पुन्हा रुळावर धावू लागले. पण त्याआधी पेरांबूरच्या कारखान्यात त्याची कसून दुरुस्ती करावी लागली. यंत्र लहान असो वा मोठे, जागे करण्यापूर्वी त्याला समजून घ्यावे लागते. कळ दाबणे सोपे आहे. कळ केव्हा दाबू नये हे कळणे, हीच खरी कारागिरी होय.