दाढ काढल्यावर ओठ बधिरच राहिला तर

वसईच्या सातिवली-वालीवमधल्या कारखान्यांच्या गाळ्यांत काम करणारा एखादा जण अर्धी सुट्टी टाकून खालची अक्कलदाढ काढून येतो. भूल काही तासांत उतरते. पण दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ जड, आणि चहा हनुवटीवर ओघळला तरी पत्ता नाही. शेजारच्या मशीनवरचा निदान करून मोकळा होतो, "लकवा मारला!"

हा लकवा नव्हे. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस वेगळी. जबड्याच्या हाडातल्या नळीतून जाणारी नस खालच्या दातांना, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. जिभेची नस त्याच दाढेच्या आतल्या बाजूने जाते. ती दुखावली तर जिभेची एक बाजू बधिर होते, चवही बिघडते.

"थांबा, आपोआप येईल" हा सल्ला अर्धा खरा, म्हणूनच जास्त घातक. ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली नसांच्या इजांचे तीन प्रकार मांडले: नुसता धक्का बसलेली, आतले तंतू तुटलेली आणि पूर्ण तुटलेली. पहिली आठवड्यांत सावरते. दुसरीतले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात, म्हणून महिने लागतात. तिसरी सहसा स्वतःहून नीट जुळत नाही. बाहेरून तिन्ही सारख्याच बधिर वाटतात.

ओळखायची रीत साधी आहे. डोळे मिटायला सांगून डॉक्टर कापसाचे टोक आणि सुई फिरवतात, बधिर भागाची कड पेनाने आखतात, फोटो घेतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. कड आक्रसत असेल तर वाट पाहण्यात अर्थ आहे. तीन महिन्यांनीही ती जागची हलली नसेल, तर मुख व जबडा शल्यचिकित्सकाकडे जायलाच हवे. वर्ष उलटल्यावर शस्त्रक्रियेच्या यशाची शक्यता बरीच घटते. पण बधिरपणाचे कारण दाढ काढणे नसून दुसरे उपचार असतील, म्हणजे इम्प्लांटचा स्क्रू नसेवर टेकला किंवा रूट कॅनलचे औषध नळीत उतरले, तर तीन महिने सोडाच, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली व्रण सोडवतात, खराब तुकडा काढतात आणि केसाहून बारीक धाग्याने दोन टोके शिवतात. टोके ताणाशिवाय जुळत नसतील तर पोटरीतली संवेदनेची नस कलम म्हणून घेतात. चालणे अडत नाही, फक्त पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो. "ऑपरेशन झाले की पूर्वीसारखे" हीसुद्धा भाबडी आशा. बऱ्याच जणांना गरम-थंड कळेल, ओठ चावला जाणार नाही इतकी संवेदना परत येते, पूर्ववत क्वचितच. आणि बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी तुटलेली नस शिवली जात नाही.

वसई रोडहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरले की नायर दंत महाविद्यालय जवळ आहे. शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ. दोन्हीकडे मुखशल्यचिकित्सा विभाग आहेत. नस शिवण्याची सोय कुठे आहे, हे तिथे विचारावे आणि आधीचे एक्स-रे सोबत न्यावेत.

दात काढलेला नाही, मार लागलेला नाही, तरी हनुवटी बधिर झाली, तर गोष्ट वेगळी. तंबाखू-मिश्रीची सवय असणाऱ्यांनी तर मुळीच टाळाटाळ करू नये. जबड्यात गाठ वाढत असण्याचे ते पहिले लक्षण असू शकते. अशा वेळी नस शिवण्याचा विचार मागे पडतो, आधी स्कॅन आणि गरज असेल तर बायोप्सी.