स्पर्शाने होणारा त्वग्दाह

उत्तर कलकत्त्यातील बागबाजारची सार्वजनिक दुर्गापूजा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना विजयादशमीचा सिंदूरखेळ विसरता येत नाही. विसर्जनापूर्वी सुवासिनी देवीच्या मुखाला व चरणांना सिंदूर लावतात आणि मग तोच सिंदूर एकमेकींच्या भांगात, कपाळी, गालांवर माखतात. त्यांतील बहुतेकींना त्याचा काडीइतकाही उपद्रव होत नाही. परंतु एखादीचे गाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल होऊन खाजू लागतात, पापण्या सुजतात, बारीक पुरळ फुटून लस वाहू लागते. मधल्या काळात विजयेची मिठाई खाऊन झालेली असते, कोळंबीही झालेली असते. दोष साहजिकच त्यांच्या माथी जातो.

हा विलंब हीच वास्तविक या विकाराची ओळख होय. सोडा किंवा तीव्र साबण यांचा दाह पुरेशा मात्रेत कोणालाही होतो. तो निव्वळ क्षोभ. अ‍ॅलर्जीचा त्वग्दाह मात्र निवडक माणसांनाच होतो. त्वचेतून आत शिरलेले द्रव्य शरीरातील लसीका-पेशी प्रथम 'ओळखून' ठेवतात. त्यास दहा-पंधरा दिवस किंवा कित्येक वर्षेही लागतात. पुढे तेच द्रव्य पुन्हा लागले, की एकदोन दिवसांत त्या पेशी तेथे गोळा होतात. हे काम रक्तद्रवाचे नसून पेशींचे आहे, हे लँडस्टायनर व चेस यांनी 1942 साली गिनीपिगांवरील प्रयोगांत दाखविले. म्हणूनच, 'वीस वर्षे हेच कुंकू लावते आहे' हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो.

आपल्याकडील जुने कुंकू हळद, लिंबाचा रस व टाकणखार यांचे असे. बाजारच्या कुंकवात व सिंदुरात आता पुष्कळदा कृत्रिम अ‍ॅझो रंग व सुगंधी द्रव्ये असतात. (शिशाचा शेंदूर हा निराळा धोका, तेथे भय विषबाधेचे.) टिकलीत अपराधी बहुधा रंग नसून मागचा डिंक असतो. त्यातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे द्रव्य त्वचेची रंगपेशीच मारते, आणि कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उरतो.

निदानाचा आरंभ पुरळाच्या नकाशापासून होतो. भांगालगत पुरळ असेल तर सिंदूर. कानाच्या पाळीवर व मनगटावर असेल तर खोट्या दागिन्यांतील निकेल. चपलेच्या पट्ट्यांखाली असेल तर रबरातील रसायने. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर व कमरेवर पुरळ उठले, तेव्हा शोधाअंती धोब्याने कपड्यावर घातलेली बिब्ब्याची खूण सापडली!

संशय पक्का करण्याचे साधन म्हणजे योझेफ याडासोन याने 1895 साली मांडलेली पॅच टेस्ट. संशयित द्रव्ये ठराविक प्रमाणात व्हॅसलिनमध्ये कालवून लहानशा वाट्यांतून पाठीवर चिकटवितात. अठ्ठेचाळीस तासांनी वाट्या काढून त्वचा पाहतात आणि एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. तोवर पाठीला पाणी लागू द्यायचे नाही. रोग्याची स्वतःची टिकलीही अशीच लावून पाहता येते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. पण 'कुंकू बंद करा' हे तीन शब्द वैद्याला सोपे असले, तरी सुवासिनीला ते अशुभ वाटतात. आणि कपाळावरचा तो पांढरा डाग शेजारीपाजारी कोड ठरतो, मग मुलींच्या सोयरिकीपर्यंत त्याची कुजबूज पोहोचते. नेमके द्रव्य हाती आले, तर तेवढेच वर्ज्य करून भागते. डिंकाची टिकली सोडणे मात्र अटळ, आणि तेही लवकर. कारण काहींचा डाग नंतर पुरता भरून येत नाही. नवे कुंकू निवडताना ते आधी कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. हळदीचेही क्वचित बाधते. तेथे काही उमटले नाही, तर कपाळी लावण्यास सहसा हरकत नसते.