परीक्षा मुलांची की शाळांची?

शिष्याची परीक्षा घेऊन गुरूची किंमत ठरवावी, ही कल्पना नवी नव्हे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा कलह उत्पन्न होतो आणि त्याचा निर्णय शिष्यांच्या प्रयोगावरून करावा असे ठरते. परिव्राजिका पंच होते. परंतु या सामन्याचा खरा हेतू आचार्यांची योग्यता पारखण्याचा नसून मालविका राजाच्या दृष्टीस पडावी, एवढाच होता. त्यामुळे तिचे नृत्य संपताच भोजनाची वेळ होते आणि बिचाऱ्या हरदत्ताची पाळी दुसऱ्या दिवसावर जाते! परीक्षा कोणत्या हेतूने घेतली जाते, यावरच तिचा खरेखोटेपणा अवलंबून असतो, हा बोध या प्रसंगातून घेण्याजोगा आहे.

सर्व शाळांतील मुलांची एकाच साच्याची चाचणी घ्यावी आणि निकालाचा जाब शाळेस विचारावा, हे धोरण आज अनेक देशांत मान्यता पावले आहे. आपल्याकडेही सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसरी, पाचवी व आठवी या इयत्तांत परीक्षा सुचविल्या आहेत. अशा वेळी, ज्यांनी हा मार्ग आधी चोखाळला त्यांस काय अनुभव आला, हे पाहून ठेवणे शहाणपणाचे होईल.

पहिला मोठा प्रयोग इंग्लंडातला. सन १८६२ मध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याने शाळांच्या सरकारी मदतीचे नवे नियम अमलात आणले. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे हजेरीबद्दल ४ शिलिंग आणि परीक्षेबद्दल ८ शिलिंग मिळावयाचे. मात्र वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जावयाचे. म्हणजे मुलाच्या तोंडून एक आकडा चुकला की शाळेच्या पेटीतून पैसे गेलेच! सरकारचा खर्च कमी झाला खरा. पण शाळेत काय झाले? ज्या विषयांस पैसा नव्हता, त्यांकडे दुर्लक्ष होऊ लागले. वाचनाचे पुस्तक मुलांकडून वर्षभर घोकून घेण्यात येई. इतके की, पुस्तक उलटे धरले तरी मूल धडा घडाघडा म्हणून दाखवी, अशा गोष्टी प्रसिद्ध आहेत. सुप्रसिद्ध कवी मॅथ्यू आर्नल्ड हा स्वतः शाळा-तपासनीस होता. या पद्धतीने अध्यापन यांत्रिक होत चालले आहे, असे त्याने आपल्या अहवालांतून वारंवार बजाविले. तरी ती पद्धत मोडीत निघण्यास एकोणिसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. आपल्या मुंबई इलाख्यातील खासगी शाळांनाही त्या काळी निकालावर ग्रँट मिळण्याचा अनुभव पुष्कळ वर्षे घ्यावा लागला होता.

दुसरा प्रयोग अमेरिकेचा, आणि तो आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. तेथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे करांच्या पैशावर चालणारी, सर्वांस मोफत अशी शाळा. इंग्लंडातील श्रीमंतांची नव्हे. जानेवारी २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली. त्याच्या नावाचा अर्थ ‘एकही मूल मागे राहू नये’ असा आहे. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणित यांची चाचणी घ्यावी, आणि सन २०१४ पर्यंत शंभरापैकी शंभर मुले ठरल्या पातळीस पोहोचावीत, अशी त्यात योजना होती. संघ सरकारचे साह्य घेणारी शाळा लागोपाठ मागे पडली तर प्रथम पालकांस मुले दुसऱ्या शाळेत नेण्याची मुभा, पुढे शिकवण्यांची सोय, नंतर शिक्षकांची बदलाबदल आणि शेवटी शाळेचीच पुनर्घटना, अशी दंडाची चढती पायरी होती.

या कायद्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. काळ्या लोकांची, गरिबांची, अपंगांची आणि परभाषिकांची मुले कोठे आहेत, हे प्रत्येक शाळेस वेगळे दाखवावे लागू लागले. सरासरीच्या पदराआड त्यांस लपविण्याची सोय राहिली नाही. चौथीच्या मुलांचे गणित काहीसे सुधारले, असेही अभ्यासकांस आढळले. वाचनात मात्र तशी सुधारणा दिसली नाही.

परंतु दंडाच्या भयाने जे व्हावयाचे ते झालेच. सन २००७ च्या एका पाहणीत सुमारे ६२ टक्के शिक्षण-विभागांनी प्राथमिक शाळांत वाचन-गणिताचा वेळ वाढविल्याचे, तर ४४ टक्क्यांनी इतर विषयांचा वेळ कमी केल्याचे सांगितले. इतिहास, विज्ञान, चित्रकला, संगीत, एवढेच नव्हे तर मधली सुट्टीही आखडली. याहून दुःखाची गोष्ट निराळीच आहे. उत्तीर्ण होण्याच्या उंबरठ्यावरील मुलांवर काही शाळांनी सर्व शक्ती खर्च केली. कारण तेवढीच निकाल फिरवू शकत होती. जी हुशार होती ती उत्तीर्ण होणारच, आणि जी फार मागे होती ती उत्तीर्ण होणे नाही; म्हणून दोघांसही वाऱ्यावर सोडले. ज्या मुलांसाठी कायदा केला, तीच पुन्हा मागे राहिली!

आणि शेवटी सचोटीही गेली. अटलांटा शहरातील निकाल पाहून लोक धन्य धन्य म्हणत होते. पण सन २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गैरप्रकारांत गुंतलेले आढळले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीच्या खुणा खोडून बरोबर खुणा केलेल्या होत्या. सन २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. ते दोषी होते, यात शंका नाही. पण खोट्या गुणांमुळे ज्या मुलांस ‘तुला येते’ असे सांगून पुढे ढकलले, त्यांस मिळावयाची मदत मिळाली नाही, हे नुकसान कोणते न्यायालय भरून देणार? डोनाल्ड कॅम्पबेल या समाजमानसशास्त्रज्ञाने पूर्वीच सांगून ठेवले होते की, एखाद्या मापावर जितके अधिक निर्णय टांगावे, तितके ते माप अधिक भ्रष्ट होते आणि ज्याचे मोजमाप करावयाचे तेही बिघडते. सन २०११ पर्यंत देशातील जवळजवळ निम्म्या शाळा ‘नापास’ ठरल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये नवा कायदा करून दंडाचा पुष्कळसा अधिकार राज्यांकडे सोपविण्यात आला. चाचण्या मात्र कायम राहिल्या.

कोणी म्हणेल, मग काय परीक्षाच नकोत? मास्तरांस कोणी जाब विचारूच नये? तसे आमचे म्हणणे नाही. ज्या वर्गात चौथीच्या मुलास दोन ओळी वाचता येत नाहीत, तेथे कोणी काही विचारीत नाही, हाही त्या मुलावर अन्यायच होय. पण वैद्य नाडी पाहतो ती औषध योजण्यासाठी. नाडी मंद लागली तर वैद्यासच दंड करू, असे ठरविल्यास तो अशक्त रोग्यास दारातूनच परत पाठवील. शाळेचेही तसेच आहे. परीक्षेत उणे आढळले, तर त्या शाळेस आणखी शिक्षक, पुस्तके व वेळ मिळाला पाहिजे. गरीब वस्तीतील शाळेची तुलना सुखवस्तू वस्तीतील शाळेशी न करता तिच्या स्वतःच्या गतवर्षीच्या स्थितीशी केली पाहिजे. आणि चाचणीच्या आकड्याबरोबर एखाद्या जाणत्या तपासनिसाने वर्गात बसून डोळ्यांनी पाहिलेलेही जमेस धरले पाहिजे.

आपल्या घरांकडेही थोडा दोष येतो. निकालाच्या दिवशी आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सारे ‘किती टक्के?’ एवढेच विचारतात, आणि चुलत भावंडांचे गुण ताळेबंदासारखे शेजारी मांडले जातात. शाळा तरी मग दुसरे काय पिकविणार? गिऱ्हाईक मागेल तोच माल दुकानात येतो. यापुढे गुणपत्रिका हाती घेण्यापूर्वी मुलास जवळ बसवून, यंदा तुला कोणता धडा आवडला आणि कोणता अजून कळला नाही, एवढे तरी विचारावे. ज्याचे उत्तर ‘पुष्कळ कळले नाही’ असे येईल, त्याच्यापाशी घरातील कोणा वडील माणसाने रोज अर्धा तास बसावे. मागे राहिलेल्या मुलास पुढे आणण्याचा याहून खात्रीचा उपाय, आमच्या इतक्या वर्षांच्या मास्तरकीत तरी, आम्हांस आढळला नाही.